थोमाचे आठ दिवस

संपादक महोदय,

‘विश्वास पक्का असेल तर संकटात मन डगमगत नाही’ अशा आशयाचा मजकूर आपल्या रविवारच्या अंकात वाचला. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण आजारी माणसाच्या उशाशी बसून कोणी तो वाचला, तर त्याला काय वाटेल? मी अशा रात्री काढल्या आहेत, म्हणून लिहितो.

पत्नीच्या आजारपणात येशूने शिष्यांना शिकवलेली प्रभूची प्रार्थना मला पुरी म्हणता येईना. लहानपणापासून तोंडपाठ, पण ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ इथे जीभ अडायची. तेवढे शब्द गिळायचो आणि पुढे जायचो. भेटायला आलेल्या एकाने ऐकवले, “विश्वास कमी पडतोय, म्हणून उत्तर मिळत नाही.” दुखणे तिचे आणि आरोपी मी! त्यानंतर मंडळीत, म्हणजे चर्चमधल्या आपल्या माणसांत, खरे बोलणेच सोडले. “कसं चाललंय?” “प्रभूची कृपा.” संपले.

गंमत अशी की, ज्या बायबलच्या आधारे हे सल्ले दिले जातात, ते स्वतः एवढे घाबरट नाही. त्यातले 13वे स्तोत्र ‘कोठवर?’ असे देवालाच विचारत सुरू होते. 88वे तर अंधारातच संपते, शेवटी दिलाशाची एक ओळ नाही. ते संहितेतून कोणी गाळले नाही. त्याच पुस्तकातल्या ईयोबावर संकटांचा डोंगर कोसळला, तेव्हा त्याचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसले होते, तोवर ठीक होते. तोंडे उघडली आणि बिघडले. शेवटी देव रागावतो तो देवाची बाजू मांडणाऱ्या त्या मित्रांवर, देवाशी भांडणाऱ्या ईयोबाला मात्र तो खरे बोलल्याची पावती देतो. आणि मदर तेरेसा! त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, 2007 साली, त्यांची पत्रे प्रसिद्ध झाली. आतला कित्येक वर्षांचा काळोख त्यात आहे. काम मात्र थांबले नव्हते.

येशूचा शिष्य थोमा याला आपण ‘संशयी’ म्हणून मोकळे होतो. मला योहानाच्या शुभवर्तमानाच्या 20व्या अध्यायातले ते आठ दिवस महत्त्वाचे वाटतात. क्रुसावर मेलेला येशू पुन्हा उठल्यावर बाकीचे शिष्य म्हणतात, “आम्ही प्रभूला पाहिले.” हा म्हणतो, खिळ्यांच्या खुणांत बोट घातल्याशिवाय मानणार नाही. आणि आठ दिवसांनी दार बंद करून सगळे बसले आहेत, तेव्हा थोमा त्यांच्यातच आहे. त्यांनी त्याला बाहेर काढले नाही, तोही उठून गेला नाही. त्या आठवड्यात ते एकमेकांशी काय बोलले असतील, याबद्दल शास्त्र गप्प आहे. मला ते ऐकायला आवडले असते.

एका रविवारी उपासनेत त्या ओळीला माझे ओठ मिटलेले शेजारच्या वयस्कर बाईंनी पाहिले. उपदेश नाही की वचन नाही. बाहेर पडताना एवढेच म्हणाल्या, “राहू दे. तुझ्या वाटचं मी म्हणते.” आणि पुढच्या रविवारी त्या ओळीला त्यांनी आवाज खरोखरच चढवला.

पत्नीला जाऊन आता तीन वर्षे होतील. ती ओळ मला कधी म्हणता येते, कधी नाही. बाई अजून शेजारीच बसतात.

— एक वाचक