मंत्र अर्धाच यायला हवा

चि. सई,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीची दोन्ही प्रकरणं वाचली, दुसरं दोनदा. मांत्रिकाकडे राहून विद्या शिकणारा तुझा गणू मला मनापासून आवडला. त्याची भूक आणि झोप खरी आहे, आणि गुरुजींच्या खडावांचा आवाज आला की पोथी उघडून बसण्याची त्याची घाईसुद्धा. पण ‘हसू का येत नाही?’ असं तू विचारलं आहेस. त्याचं उत्तर मोठं आहे, म्हणून लिहूनच पाठवते.

दुसऱ्या प्रकरणात गणू मंत्र म्हणतो आणि गाढव गुलाबी होतं. मग ते उडतं, मग अभंग म्हणतं, मग त्याचं गलबत होतं. यातलं प्रत्येक चित्र गमतीचं आहे, पण एकामागून एक आली की वाचणारा थकतो. काहीही होऊ शकतं म्हटल्यावर पुढे काय होईल याची वाट पाहायचं कारण उरत नाही, आणि वाट पाहिल्याशिवाय हसू फुटत नाही. जादूगाराच्या शागिर्दाच्या ज्या विनोदी कादंबऱ्या लोक पुन्हापुन्हा वाचतात, त्यांत जादू मोजकी असते आणि तिचा नियम सावकाराच्या वहीसारखा कडक असतो. विनोद त्या नियमातूनच निघतो.

या गोष्टीचं मूळ फार जुनं आहे. दुसऱ्या शतकात ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या ल्यूशियननं ती सांगितली आहे. त्यातला मिसरी जादूगार दाराचा अडसर, केरसुणी किंवा मुसळ घेतो, त्याला कपडे चढवतो आणि मंत्र म्हणतो. मग ते मुसळ माणसासारखं पाणी भरतं, रांधतं, वाढतं. शिष्य लपून तो मंत्र ऐकतो. शब्द फक्त तीन अक्षरांचा आहे. गुरू बाहेर गेल्यावर शिष्य मुसळाला पाणी भरायला लावतो. हंडा भरतो, पण मुसळ थांबत नाही. तो कुऱ्हाडीनं त्याचे दोन तुकडे करतो, तर दोन मुसळं पाणी आणू लागतात. १७९७ साली जर्मन कवी गटेनं यावर कविता केली आणि मुसळाची केरसुणी झाली. शंभर वर्षांनी, १८९७ मध्ये, पॉल द्युकानं त्या कवितेवर संगीतरचना केली.

आता या गोष्टीचे सांधे बघ. शिष्याला विद्या येते, पण अर्धी. सुरू करणारा शब्द येतो, थांबवणारा येत नाही. संकट बाहेरून आलेलं नाही, त्यानं मागितलेलंच त्याला मिळतंय, फक्त जास्त मिळतंय. आणि सुटकेसाठी तो जे करतो त्यानं संकट नेमकं दुप्पट होतं. तिप्पट नाही, ‘खूप’ नाही, दुप्पट. हे ‘नेमकं’ तुझ्या गाढवाच्या प्रसंगात नाही. मंत्र पूर्ण येत असता तर गोष्ट घडली नसती, अजिबात येत नसता तरी घडली नसती. म्हणून गणूला मंत्र अर्धाच यायला हवा, आणि कुठला अर्धा येतो हे तुला लिहिण्याआधी ठाऊक हवं.

आपल्याकडेही हे आहेच. पंचतंत्रातले ते चार ब्राह्मण आठव. एक हाडं जुळवतो, दुसरा मांस-कातडं चढवतो, तिसरा प्राण घालतो, आणि ज्याला कुठलीच विद्या येत नाही तो चौथा म्हणतो, ‘थांबा, मला आधी झाडावर चढू द्या.’ हिरण्यकशिपूचा वर तर नियमात फट कशी ठेवावी याचा उत्तम धडा आहे: दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही. मग संध्याकाळ आणि उंबरठा उरतात. असे नियम आपल्या कानांवर लहानपणापासून पडलेले असतात, तेव्हा हा प्रकार मराठीत परका वाटेल ही भीती तू बाळगू नकोस.

दुसरी अडचण गुरुजींची. ते दोन्ही प्रकरणभर ओसरीवर बसलेले आहेत. गणूनं काहीही बिघडवलं तरी ते एका चुटकीत निस्तरतील हे वाचणाऱ्याला माहीत असतं. गुरूला बाजूला काढावंच लागतं. गटेनं त्याला बाहेर पाठवलं. अमेरिकन लेखक रॉबर्ट आस्प्रिननं जादूगाराच्या शागिर्दावरच्या आपल्या विनोदी मालिकेच्या पहिल्या पुस्तकात, १९७८ साली, याहून धीट वाट काढली. त्याचा शागीर्द स्कीव्ह. त्याला मेणबत्ती पेटवायचा साधा प्रयोगही धड जमत नाही, आणि जादूगार होण्यापेक्षा चोर होण्यात त्याला रस आहे. त्याच्यावर वचक बसावा म्हणून गुरू एका राक्षसाला बोलावतो, आणि त्याच वेळी आलेला मारेकरी गुरूला ठार करतो. राक्षस उरतो. तो खरं तर दुसऱ्या मितीतला जाणकार जादूगार, मेलेल्या गुरूचा मित्र, पण गुरूनं थट्टेखातर त्याची शक्ती काढून घेतलेली आणि ती परत देणारा आता जिवंत नाही.

या मांडणीत एकाला सगळं कळतं, पण काही करता येत नाही; दुसऱ्याला करता येतं, पण काही कळत नाही. आपण म्हणतो ना, आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा. त्यामुळे शिकवणी हाच प्रत्येक प्रसंगाचा कणा होतो आणि भांडण आपोआप चालू राहतं. स्कीव्हकडे विद्या तरी किती? रूप बदलल्याचा भास निर्माण करणं, वस्तू उचलणं, अशा चार-दोन गोष्टी. भासानं रूप बदलतं, वस्तू तीच राहते, ही मर्यादा पक्की. एवढ्या भांडवलावर तो संसार चालतो, कारण प्रत्येक वेळी तीच विद्या नव्या अडचणीला लावावी लागते. गणूला पहिल्या पुस्तकापुरते दोन मंत्र पुरेत. तिसरा देऊ नकोस.

गाढव काढून टाक आणि त्या जागी तुझ्याच पहिल्या प्रकरणातला तांदूळ घे. गणूची भूक तू इतकी छान लिहिली आहेस की तिला वाया घालवणं बरं नाही.

मंत्र असा धर: मूठभर तांदूळ दर घटकेला दुप्पट होतो. घटका म्हणजे २४ मिनिटं, आणि मूठ साधारण ४० ग्रॅमची. रात्री दहाला गणूनं मंत्र म्हटला, तर दहा घटकांनी, म्हणजे पहाटे दोनला, १,०२४ मुठी होतील. जेमतेम ४१ किलो, एक पोतं. गणू खूश असेल, आणि असायलाच हवा. आता १२ फूट लांब, १२ फूट रुंद आणि १० फूट उंच कोठीची खोली घे आणि तांदूळ जमिनीवर सारखा पसरलाय असं समज. पहाटे चारला, पंधराव्या घटकेला, तो घोट्यापर्यंत येतो, पाचेक इंच. सतराव्या घटकेला गुडघ्यापर्यंत. अठराव्या घटकेला कमरेशी, तीन फुटांच्या थोडा वर. एकोणिसाव्याला सहा फुटांच्या पलीकडे, म्हणजे गणू बुडाला. विसाव्याला खोली पुरत नाही, जवळपास ४२ टन होतात आणि दार तुटतं.

सहा तास फक्त घोट्यापर्यंत आणि त्यानंतर अवघ्या ९६ मिनिटांत डोक्यावर! या आकड्यांतच प्रसंगाची लय आहे. पहिल्या तीन घटका सावकाश लिही, ताटलीतले दाणे दिसू देत. मधल्या दहा-बारा एका परिच्छेदात उरक. त्या वेळी गणू झोपलेला असू दे. सतरापासून पुन्हा हळू. वाचणाऱ्याला गुडघा कळला की कंबर तो स्वतः मोजतो, आणि गणूच्या आधी घाबरतो. हसू तिथे येतं.

आता थांबवणारा शब्द. तो गुप्त ठेवू नकोस, ल्यूशियनपासून सगळ्यांनी तेच केलंय. तो ‘पुरे’ असू दे. आपल्या पंगतीत ‘पुरे’ या शब्दाला किंमत नसते. पाहुणा पुरे म्हणतो आणि वाढणारा आणखी एक पोळी टाकतो. तांदळालाही तसंच कळत असेल तर? नियम असा: पोट खरोखर भरलेल्या माणसानं मनापासून म्हटलेलं ‘पुरे’च मंत्राला ऐकू येतं. गणू उपाशी आहे. तो घसा फोडून पुरे पुरे ओरडला तरी ते खोटं आहे. त्याला आधी जेवावं लागेल, आणि चूल पेटवून भात शिजेपर्यंत घटका उलटून जाते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शिवाय चूल कुठे आहे? तांदळाखाली.

आणि तांदूळ येतो कुठून? हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. तो हवेतून आला तर गोष्ट इथेच संपते. गावातल्या कणग्यांमधून आला, तर गणूच्या पायाशी वाढणारी प्रत्येक मूठ कुणाच्या तरी घरातून कमी झालेली आहे. मग तिसऱ्या प्रकरणाला लोक दाराशी येतील, आणि गणूला भरल्या पोटानं त्यांच्यासमोर उभं राहावं लागेल.

टेरी प्रॅचेट हा इंग्लिश लेखक या कामात सगळ्यांत मोठा, असं मी ठामपणे म्हणेन. त्याच्या १९८७ च्या एका कादंबरीत मॉर्ट नावाचा मुलगा प्रत्यक्ष मृत्यूकडे उमेदवारीला राहतो. एका राजकन्येचा जीव घ्यायच्या क्षणी त्याला दया येते आणि तो तिला वाचवतो. पण जगाच्या हिशेबात ती मेलेली असते. लोकांची नजर तिच्यावरून घसरते, समोर असून ती कुणाच्या ध्यानात राहत नाही. शेवटी ती एका जादूगाराला पगारावर ठेवते, तिच्या असण्याची लोकांना आठवण करून द्यायला. वाचताना हसू येतं, आणि त्याचबरोबर एका जिवंत मुलीचं एकटेपण समोर उभं राहतं. कारण प्रॅचेटनं नियमाला सूट दिली नाही.

त्याचीच टिफनी ही नऊ वर्षांची धनगरांच्या मुलखातली मुलगी २००३ च्या पुस्तकात येते. नदीतून एक हडळ वर येते. टिफनीच्या घरच्या परीकथांच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, हडळीचे डोळे सूपच्या बशीएवढे. टिफनी घरी जाऊन बशी मोजते. आठ इंच. मग कढई घेऊन परत नदीवर जाते. तिला अजून कुठलीच विद्या शिकवलेली नाही, पण मोजायचं सुचतं. गणूला एखाद्या ठिकाणी असं काहीतरी मोजू दे.

सगळ्यात नाजूक जागा डायना विन जोन्सच्या १९८६ च्या कादंबरीत आहे. मायकेल हा शागीर्द एक मंत्र सोडवत बसतो. त्यात तुटता तारा पकडायला सांगितलेलं असतं. तो सात कोसांचे बूट घालून दलदलीत ताऱ्यामागे धावतो. खरं तर तो मंत्र नसतोच, एका जुन्या इंग्रजी कवितेचा कागद चुकून तिथे आलेला असतो. पण तारा खरोखर पडतो, बोलतो, मायकेलची मदत नाकारतो आणि चिखलाच्या पाण्यात विझतो. आधीची सगळी धांदल विनोदी आहे, म्हणून ते विझणं लागतं. तू मात्र विनोदाच्या पाठोपाठ लगेच दुसरा विनोद ठेवतेस. एखाद्या ठिकाणी दोन ओळी मोकळ्या सोड.

भाषेबद्दल थोडं. प्रॅचेटचा मृत्यू मोठ्या लिपीतल्या अक्षरांत, अवतरणचिन्हांशिवाय बोलतो. देवनागरीत मोठी-छोटी लिपी नाही, म्हणून तू गुरुजींचं बोलणं ठळक छापलंस. डोळ्यांना त्याचा त्रास होतो आणि आवाजही ऐकू येत नाही. आपल्याकडे त्यासाठी बोलीचे स्तर आहेत. मंत्र पोथीच्या भाषेत असू दे, ‘भवतु’, ‘कुरु’. गुरुजी जुन्या वळणाचं मराठी बोलू देत, ‘येणे करावे’. गणू मात्र तुझ्या आजोळच्या मालवणीत. तीन आवाज वेगळे झाले की ‘गुरुजी म्हणाले’, ‘गणू म्हणाला’ यांतले निम्मे शब्द गळतील. आस्प्रिनच्या या मालिकेतल्या पुस्तकांची नावं कोट्यांवर उभी आहेत. तशा कोट्या करायचा मोह तुलाही झालेला दिसतो. पानाला एक ठेव, आणि ती पात्राच्या तोंडी नैसर्गिक वाटत नसेल तर तीही काढ.

पुढचं लिहिण्याआधी एका कागदावर चार गोष्टी लिहून भिंतीला लाव: मंत्रानं काय होतं, किती वेळात, किंमत कुणाला पडते, कशानं थांबतं. प्रकरण झालं की त्या कागदाशी ताडून बघ. कुठे नियम मोडलास तर प्रसंग बदल, नियम बदलू नकोस.

गुरुजींना कुठे पाठवायचं ते तू ठरव. मला विचारशील तर त्यांना शेजारच्या गावी जेवणाच्या आमंत्रणाला पाठव. तिथली पंगत उठायला वेळ लागेल, आणि त्यांच्याही ‘पुरे’कडे कुणी लक्ष देणार नाही. तिसरं प्रकरण झालं की पाठव. प्रिंट काढून पाठवलंस तर बरं, समासात लिहिता येतं.

तुझी,
आई