आधी हप्ते थांबवा, मग बोलणी करा : जी-20च्या अर्थमंत्र्यांना खुले पत्र

माननीय अर्थमंत्री,
जी-20 गटातील सर्व सदस्य देश

स. न. वि. वि.

13 नोव्हेंबर 2020 रोजी आपल्या गटाने गरीब देशांच्या कर्जफेररचनेसाठी ‘कॉमन फ्रेमवर्क’ मंजूर केले. त्याच दिवशी 4 कोटी 25 लाख डॉलरचे थकलेले व्याज भरण्याची झांबियाची वाढीव मुदत संपली. नव्या व्यवस्थेला पहिल्याच दिवशी प्रकरण मिळाले. झांबियाच्या रोख्यांची अदलाबदल, म्हणजे जुन्या कर्जरोख्यांच्या जागी नव्या अटींचे रोखे देणे, पूर्ण झाली ती जून 2024 मध्ये. मध्ये 43 महिने गेले.

हा वेळ कुठे गेला ते पायऱ्या मोजल्या की दिसते. देश अर्ज करतो. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी त्याच्या कर्जफेडीच्या क्षमतेचा हिशेब मांडतो. धनको सरकारांची समिती बसते आणि सवलतीची हमी देते. हमी आल्याशिवाय नाणेनिधीचे संचालक मंडळ पैसे सोडत नाही. पुढे समितीशी सामंजस्य करार, मग प्रत्येक सरकारशी वेगळा करार आणि सगळ्यांत शेवटी रोखेधारक. झांबियाचा अर्ज 2021च्या सुरुवातीचा, समितीची पहिली बैठक मात्र जून 2022 मधली. नाणेनिधीच्या अधिकाऱ्यांशी समझोता डिसेंबर 2021 मध्ये झाला होता, तरी 1.3 अब्ज डॉलरच्या कर्जाला मंजुरी मिळाली ऑगस्ट 2022च्या अखेरीस. समितीच जागेवर नव्हती, तर हमी देणार कोण?

दुसरी अडचण जास्त खोल आहे. सगळ्या धनकोंनी सारखा भार सोसावा, हा आपलाच नियम. तो तपासताना तीन गोष्टी पाहतात: नाणेनिधीच्या कर्जकार्यक्रमाच्या काळात हप्ते किती घटले, कर्जाचे वर्तमान मूल्य (पुढे मिळणाऱ्या रकमेचे आजचे मोल) किती उतरले आणि परतफेडीची मुदत किती वाढली. यांतल्या कशाला किती वजन, याचे सूत्र मात्र आधी जाहीर होत नाही. वर्तमान मूल्य तर कोणता दर धरता त्यावर फिरते. दहा वर्षांनी मिळणाऱ्या 100 डॉलरचे आजचे मोल 5 टक्के दराने सुमारे 61 डॉलर येते, 10 टक्क्यांनी जेमतेम 39. नाणेनिधीच्या हिशेबात 5 टक्के असतात, रोखेधारक बाजारातला चढा दर धरतात. एकच करार एकाला उदार वाटतो, दुसऱ्याला कंजूष. नोव्हेंबर 2023 मध्ये झांबियाने रोखेधारकांशी जुळवून आणलेला करार सरकारी धनकोंच्या समितीने नेमका याच मुद्द्यावर अमान्य केला. पुन्हा बोलणी, पुन्हा महिने.

म्हणून आमची पहिली मागणी: वर्तमान मूल्याचा दर आणि तिन्ही निकषांची वजने बोलणी सुरू होण्याआधी लेखी जाहीर करा. याला पैसा लागत नाही.

दुसरी मागणी अवघड आहे. अर्जाच्या दिवसापासून करार होईपर्यंत सर्व धनकोंचे हप्ते थांबावेत आणि थकबाकीवर दंडव्याज चढू नये. मे 2020 ते डिसेंबर 2021 मधल्या आपल्या हप्तेस्थगितीत 48 देशांचे सुमारे 12.9 अब्ज डॉलरचे हप्ते पुढे ढकलले गेले, पण ती सरकारी धनकोंची सवलत होती. खासगी धनकोंना केलेले आवाहन जवळपास वाया गेले. विनंतीने ते हलत नाहीत, कारण थांबण्यात त्यांचे फारसे नुकसान नसते: न्यूयॉर्क राज्याच्या कायद्यात थकीत रकमेवर 9 टक्के वैधानिक व्याजाची तरतूद आहे. अशा देशांचे आंतरराष्ट्रीय रोखे बहुतेक न्यूयॉर्कच्या किंवा इंग्लंडच्या कायद्याखाली निघतात, तेव्हा बदल तिथल्याच कायद्यांत करावा लागेल. हे अशक्य नाही. ब्रिटनने 2010 मध्ये कायदा करून अतिगरीब कर्जबाजारी देशांकडून धनकोंना न्यायालयातून किती वसूल करता येईल यावर मर्यादा घातली आहे. अमेरिका आणि ब्रिटन दोघेही आपल्याच गटात आहेत.

समितीसाठी आम्ही सहा आठवड्यांची मुदत सुचवतो. तेवढ्यात सगळे धनको जमले नाहीत, तर जे आले त्यांनी काम सुरू करावे.

राहिला पात्रतेचा प्रश्न. कॉमन फ्रेमवर्कचे दार फक्त 73 गरीब देशांना उघडे आहे. एप्रिल 2022 मध्ये परतफेड थांबवणारी श्रीलंका मध्यम उत्पन्नाची म्हणून बाहेर राहिली. तिच्यासाठी भारत, जपान आणि फ्रान्स यांच्या सहअध्यक्षतेखाली वेगळी समिती उभारावी लागली आणि चीनची सरकारी एक्झिम (निर्यात-आयात) बँक स्वतंत्रपणे बोलत राहिली. पात्रता उत्पन्नाच्या गटावरून न ठरवता नाणेनिधीच्या कर्जहिशेबावरून ठरवा.

आपले,
सार्वजनिक कर्जव्यवहाराचे अभ्यासक