हात पोळतात तिथे आधी यंत्र आणा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रोबोट आला की कामगार गेला, अशा आशयाची पत्रं आपल्या सदरात अधूनमधून वाचतो. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये मी ३६ वर्षं डायकास्टिंगवर काढली, आता वेंगुर्ल्याजवळ गावी असतो. माझं म्हणणं जरा वेगळं आहे.

डायकास्टिंगमध्ये सातशे अंशांच्या आसपास वितळलेलं ॲल्युमिनियम दाबाने साच्यात भरतात. साचा उघडला की सांडशी आत घालून तापलेला भाग ओढायचा आणि पाण्याच्या टाकीत सोडायचा. साच्यावर फवारलेल्या तेलाचा धूर डोळ्यांत, आणि पाळी संपेपर्यंत तेच. माझ्या उजव्या मनगटाच्या वरची वीतभर कातडी अजून गुळगुळीत आहे, तिथे केस उगवत नाहीत. १९९८ साली आमच्या दोन मशीनवर भाग काढायला यांत्रिक हात बसवले. पहिल्या दिवशी जेवायची सुट्टी झाली तरी आम्ही हललो नाही, बघतच राहिलो. मला त्या यंत्राचा राग नाही आला. कंत्राटावरच्या दोघांना महिनाअखेरीस ‘उद्यापासून येऊ नका’ सांगितलं, त्याचा आला, आणि तो माणसांचा होता.

पुढे वाचनात आलं की जगातला पहिला औद्योगिक रोबोट याच कामाला जुंपला होता. जॉर्ज डेव्हॉल यांनी १९५४ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, जोसेफ एंगलबर्गर यांनी त्यावर कंपनी उभी केली, आणि १९६१ मध्ये न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात ‘युनिमेट’ डायकास्टिंग मशीनसमोर उभा राहिला. वजन सुमारे १,८०० किलो, ताकद तेलाच्या दाबाची, करायच्या हालचाली चुंबकीय ड्रमवर नोंदवलेल्या. (रोबोट हा शब्दही चेक भाषेतल्या ‘वेठ’ अशा अर्थाच्या शब्दावरून आलेला आहे.) १९६९ पासून जपानमध्ये कावासाकीने तो परवान्यावर बनवायला घेतला, मग मोटारींच्या वेल्डिंगला त्याला सगळीकडे मागणी आली. मला मात्र स्वीडनची गोष्ट जास्त मोलाची वाटते. आसेआ कंपनीचा विजेवर चालणारा, मायक्रोप्रोसेसर बसवलेला रोबोट १९७४ मध्ये पहिल्यांदा घेतला तो एका कुटुंबाच्या लहानशा कारखान्याने, स्टेनलेस स्टीलच्या पाइपांची वळणं घासून चकचकीत करायला. दिवसभर धूळ खायचं काम. ‘हे सगळं मोठ्यांना परवडतं’ असं आपल्याकडचा कारखानदार म्हणतो, तेव्हा मला तो कारखाना आठवतो.

आता मुद्द्याचं. माझी वहिनी २२ वर्षं काजूच्या फॅक्टरीत फोडणीला, म्हणजे काजूची बी फोडायच्या कामाला जाते. वाफवलेली बी कटरच्या पात्यांत धरायची, पायाने दाब द्यायचा, टरफल चिरलं की उघडून गर अख्खा बाहेर काढायचा. टरफलातलं तेल कातडी जाळतं. बायका हाताला खोबरेल नाहीतर राख चोळून बसतात, तरी संध्याकाळी बोटांची टोकं काळी पडून सोललेली असतात. हातमोज्यात गराचा अंदाज येत नाही, आणि मजुरी किलोवर, म्हणून मोजे खुंटीवरच राहतात. पाहुणे जेवायला असले की वहिनी भाकऱ्या सुनेला थापायला सांगते.

गेल्या वर्षी त्या फॅक्टरीत नवं यंत्र येणार असं कळलं. मला वाटलं, फोडणीचं असणार. आलं ते कॅमेऱ्याने गराचा रंग पाहून निवड करणारं. ग्रेडिंगच्या टेबलावर अकरा बायका होत्या, त्यातल्या तीन उरल्या. ज्यांचे हात फोडणीने गेले त्या वय झालेल्या बायकांना मिळणारं ते एकच स्वच्छ काम होतं. फोडणी आहे तिथेच आहे. वहिनी म्हणाली, “मशीनाक डोळे बसवल्यानी, पण बोटां आमचीच जळतत.”

मालकाची अडचण मला समजते. साच्यातून निघणारा भाग दर खेपेला तसाच आणि त्याच जागी असतो, म्हणून आमच्याकडचा यांत्रिक हात डोळे नसताना काम करू शकला. काजूची एक बी दुसरीसारखी नसते. पातं जरा खोल गेलं की गराचा तुकडा, आणि तुकड्याला अख्ख्या गराचा भाव येत नाही. पण व्हिएतनाम यंत्राने काजू फोडून जगभर विकतोच आहे. बी आधी आकाराप्रमाणे चाळून घेतली आणि प्रत्येक आकाराला पाती वेगळी लावली, तर नुकसान कमी होतं. शिवाय गराचा रंग ओळखणारा कॅमेरा विकत घेता येतो, तर बीची ठेवण ओळखणाऱ्या यंत्राचा विचार तरी व्हायला हवा.

माझी विनंती शासनाला आहे. सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान मिळतं. काजू फॅक्टरीला ते देताना एक अट घाला: पहिलं यंत्र फोडणीच्या टेबलावर. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने आणि वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने आपल्या वेंगुर्ला जातींच्या बीच्या आकाराला बसतील अशी पाती तयार करवून घ्यावीत. यंत्राला जाळी आणि हाताशी बंद करायचं बटण असल्याशिवाय ते चालू करू देऊ नये. १९७९ मध्ये अमेरिकेत फोर्डच्या ओतशाळेत रॉबर्ट विल्यम्स हा २५ वर्षांचा कामगार रोबोटच्या हाताचा मार बसून जागीच गेला होता, आणि आमच्या बायका तर पदर खोचून काम करतात.

ग्रेडिंगवरून उठवलेल्या त्या आठ जणींनाच यंत्र चालवायला शिकवा. ‘त्यांना काय जमणार’ हे मालकाचं उत्तर मी ऐकलेलं आहे. १९९८ साली आमच्यातल्या दोघांना त्या यांत्रिक हाताचा प्रोग्रॅम बदलायला शिकवलं होतं. पंधरा दिवसांत ते स्वतःच्या स्वतः करायला लागले. दोघेही आठवी पास होते, आणि त्यातला एक मी.

आपला,
एक निवृत्त डायकास्टिंग कामगार
ता. वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग