बुचावरचा १७ नंबर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला कॉर्क ओकवरचा, म्हणजे ज्याच्या सालीपासून बाटल्यांची बुचं करतात त्या झाडावरचा, लेख वाचला. तिकडे पोर्तुगाल-स्पेनात त्या झाडांच्या आडोशानं लिंक्स नावाचं रानमांजर राहतं, फांद्यांवर गरुड घरटी बांधतात, हिवाळ्यात क्रौंचांचे थवे ओकची फळं टिपायला उतरतात, हे वाचून बरं वाटलं. पण सोबतचा फोटो? तो आपल्या बुचाच्या झाडाचा आहे! लांब देठांची पांढरी फुलं ओकला कधीपासून यायला लागली? आपल्या झाडाच्याही सालीपासून हलक्या प्रतीचं बूच निघतं, एवढंच काय ते दोघांचं नातं. वर सल्ला, नागपुरातही कॉर्क ओक लावा. अहो, त्याला पाऊस हिवाळ्यात लागतो. मे महिन्याचं ऊन सोसलंच, तरी आपल्या काळ्या मातीत जुलैत मुळं कुजायची.

असो. मला खटकलं ते वेगळंच. तिथे पंचविसेक वर्षांच्या झाडाची पहिली साल काढतात, मग दर ९ वर्षांनी. झाड उभंच राहतं. खोडावर पांढऱ्या रंगानं त्या वर्षाचा शेवटचा आकडा लिहून ठेवतात, म्हणजे पुन्हा कधी यायचं ते कळतं.

आमच्या धरमपेठेतल्या गल्लीतल्या बुचावरही फेब्रुवारीत कुणीतरी १७ रंगवून गेलं. मला वाटलं, झाडं मोजताहेत. मार्चात सिमेंट रोडवाले करवत घेऊन हजर. विचारलं तर पोरगा म्हणतो, "काका, सतरा नंबर यादीत आहे." यादी दाखव म्हटलं, तर ती साहेबांजवळ. साहेब कुठं? साइटवर. आणि आम्ही उभे होतो ते कुठं, महाराजबागेत?

ऑक्टोबरात पहाटे त्या झाडाखाली सडा पडायचा. माझ्या मुली सुई-दोऱ्याशिवाय, नुसते देठ एकमेकांत गुंफून वेण्या करायच्या. अंधार पडला की मोठाले पतंग लांब सोंड घालून फुलांतला मध प्यायचे. वाळक्या फांदीत तांबट पक्ष्यानं ढोली कोरली होती, रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी. ती फांदी मी ट्रॉलीतून उचलून आणली. गॅलरीत ठेवली आहे. पुढच्या वेळी फोटो हवा असल्यास माणूस पाठवा, ओक नाही पण बूच तरी खरं मिळेल.

जाता जाता, शब्दकोड्याची उत्तरं दोन सोमवार झाले छापलेली नाहीत.

आपला,
एक जुना वाचक
धरमपेठ, नागपूर