खिळ्यावरच्या किल्ल्या

॥ श्री ॥

ढवळी, फोंडा
श्रावणी सोमवार

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

पत्र बघून तुला हसू येईल. पणजी ती केवढी लांब, आणि बाबा पत्र लिहितो. पण समोर बोललो असतो तर आपले भांडण झाले असते, आणि फोनवर हे बोलण्यात अर्थ नाही. का नाही, ते पुढे कळेल.

शनिवारी ताटावर बसलेली असताना, फोनवर बोलत स्कूटर चालवण्यावरून विषय निघाला तेव्हा तू म्हणालीस, "बाबा, मी काय पिऊन गाडी चालवते?" मी गप्प बसलो. बारवाल्याला पोटच्या मुलीने असे विचारले तर तो काय बोलणार? आईला वाटले, मला राग आला. राग नव्हता. मला उत्तर सुचत नव्हते. दोन रात्री झाल्या, आता सुचले आहे.

तू घरात शिरून हेल्मेट काढलेस तेव्हा तुझ्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत सरळ वळ उठला होता, पट्टीने ओढल्यासारखा. मोबाईल हेल्मेटात खुपसून बोलत आलीस. त्याआधी अर्ध्या तासापूर्वी मीच तुला विचारले होते, "कुठे पोचलीस?" तू म्हणालीस, "बाणस्तारी सोडली." मग ट्रकचा लांबलचक हॉर्न, मग काहीच नाही, आणि मग तुझा तोच आवाज, "हं, बोल बाबा." मी काय बोललो आठवते? येताना फोंड्याहून अर्धा किलो साखर आण म्हणालो. घरात साखर होती. आईने नंतर डबा उघडून दाखवला.

माझ्या काऊंटरच्या मागची लाकडी फळी तू लहानपणापासून बघत आली आहेस. आठ खिळे, त्यावर गिऱ्हाइकांच्या किल्ल्या. हुर्राकाच्या, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूच्या दिवसांत आठही खिळे भरतात. हुर्राक घशाला मऊ लागते, लिम्कात घातली की सरबतच, आणि उठायला गेले की पाय जमिनीला विचारत बसतात. कोण किती झेपवतो ते मला तिसऱ्या ग्लासाच्या आधी कळते. सुटे पैसे मोजताना बोटे चुकतात, एकच गोष्ट दुसऱ्यांदा सांगतो, उगाच मोठ्याने हसतो. मी हात पुढे करतो, तो शिव्या देतो, किल्ली देतो. सकाळी मान खाली घालून येतो आणि घेऊन जातो. कायद्याची रेघ 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्राम आहे, पहिल्यांदा सापडला तर दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत आत, किंवा दोन्ही. पण बाय, कायदा, पोलिसांची ती फुंकायची नळी, माझी फळी, हे सगळे चालते कशामुळे? दारूला वास असतो. प्यालेला माणूस चारचौघांना दिसतो, कधी कधी त्याला स्वतःलाही दिसतो.

तुझ्याकडे बघून कोणी किल्ली काढून घेतली असती का? मीही नसती घेतली.

आपल्याकडे संध्याकाळी येणारे मास्तर तुला ठाऊक आहेत, एक क्वार्टर घेऊन दोन तास पेपर वाचणारे. त्यांना मी तुझा प्रश्न सांगितला. दुसऱ्या दिवशी ते कागदावर लिहूनच घेऊन आले. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात चाळीस जणांना एका नकली गाडीत बसवले, पडद्यावर रस्ता, पुढे एक गाडी, ती मध्येच ब्रेक मारणार. एकदा नुसते चालवायला लावले, एकदा फोन हातात घेऊन, एकदा हात मोकळे ठेवून फोनवर बोलत, आणि एकदा संत्र्याच्या रसातून व्होडका पाजून, 80 मिलिग्रामपर्यंत. 2006 साली ते छापून आले. प्यालेले लोक पुढच्या गाडीच्या शेपटाला चिकटून चालवत होते, ब्रेक जोरात दाबत होते, पण आपटला एकही नाही. फोनवाले मागे मागे राहत होते, सावकाश चालवत होते, ब्रेक मात्र उशिरा लावत होते. त्यातले तिघे पुढच्या गाडीवर आदळले. आणि फोन हातात असो वा नसो, फरक पडला नाही.

मास्तरांनी हे वाचले तेव्हा कोपऱ्यातल्या टेबलावरून एकाने ग्लास उंचावला, "बघा, पिणारा बरा!" मी त्याची किल्ली त्या दिवशी दुसऱ्याच ग्लासाला काढून घेतली. ते 80 मिलिग्राम होते, आणि आपल्याकडचे गडी तिथे थांबत नाहीत. 2023च्या ऑगस्टमध्ये त्याच बाणस्तारीच्या पुलावर महागड्या गाडीखाली तीन माणसे गेली, चालक प्यालेला होता असा पोलिसांचा आरोप. तो पूल तू दर आठवड्याला ओलांडतेस, तुला मी वेगळे काय सांगू? मला एवढेच म्हणायचे आहे की ज्या तराजूत तू दारू तोललीस त्यातच फोन ठेवून बघ. 1997 साली टोरांटोच्या डॉक्टरांनी 699 चालकांच्या अपघाताच्या वेळा त्यांच्या फोनच्या बिलांशी ताडून पाहिल्या होत्या. फोनवर बोलताना धोका चौपट. त्यांनी स्वतःच लिहिले की हा आकडा दारूच्या तिकडच्या कायदेशीर रेघेवरच्या माणसाच्या जवळपास जातो.

तू म्हणशील, मी ब्लूटूथ घेते, मग तर झाले. 2019च्या दुरुस्तीने कायद्यात धोकादायक चालवण्यात जो फोन घातला तो हातातला, म्हणून सगळ्यांना वाटते गुन्हा हाताचा आहे. हात नव्हे गं.

आता एक गोष्ट जी मी घरात कोणाला सांगितली नाही. तीन वर्षांपूर्वी गाडीचा डावा आरसा फुटला होता, मी म्हटले होते की बाजारात पार्किंगमध्ये कोणी तरी ठोकला. खोटे. सकाळचे साडेसहा, बारीक पाऊस, फर्मागुडीचा उतार. कानात फोनचे ते बोंडूक, हात दोन्ही स्टिअरिंगवर, वेग चाळीसच्या आत. पोटात चहाशिवाय काही नाही. माल टाकणाऱ्याशी सोड्याच्या क्रेटवरून वाद चालला होता, त्याने सहा कमी टाकले होते आणि बिल पूर्ण लावले होते. समोर पोदेर होता, सायकलवरून पाव विकणारा. सायकल, मागे टोपली, टोपलीवर निळे प्लास्टिक. ते निळे प्लास्टिक मला दिसले होते, आजही डोळ्यांसमोर आहे. पण ते काय आहे हे डोक्याने विचारलेच नाही. डोके क्रेट मोजत होते.

आरसा टोपलीला लागला. सायकल आडवी, पोदेर गटाराच्या कडेला बसलेला, उंडे आणि कातरे पाव उतारावरून घरंगळत चाललेले. एक उंडा किती तरी वेळ गोल फिरत होता, मी त्याच्याकडेच बघत राहिलो. गुडघा सोलवटला होता, बाकी देवाची कृपा. मी त्याला उठवले तर त्याने माझ्या तोंडाजवळ नाक आणले आणि विचारले, "पात्रांव, सकाळींच मारून आयला?"

तीस वर्षे मी दुसऱ्यांची तोंडे हुंगतो. माझे कोणी हुंगले ते पहिल्यांदाच. आणि वास आला नाही म्हणून तोच बिचारा वरमला, म्हणाला पाऊस आहे, निसरडे असते. पावाचे पैसे दिले, सायकलचे चाक सरळ करून दिले. आणि कानातले बोंडूक? त्यातून तो माल टाकणारा अजून बोलतच होता. त्याला काही कळलेच नव्हते.

हे शेवटचे मला शनिवारी रात्री पुन्हा आठवले. तुझ्या मागच्या सीटवर मी बसलो असतो तर कुंडईच्या वळणावर रस्त्यात बसलेली गुरे मलाही दिसली असती. साखरेचे बोलणे तिथेच अर्धे सोडून मी म्हटले असते, "बाय, गुरे." भोमला घरांमधून रस्ता अरुंद होतो तिथे तर आईसुद्धा बोलायची थांबते, आणि आई बोलायची थांबते म्हणजे काय ते तुला माहीत आहे. फोनवरच्या माणसाला गुरे दिसत नाहीत. तो ढवळीत खुर्चीवर बसून साखर मागतो आणि वाट बघतो की तू उत्तर का देत नाहीस. तू उत्तर दिले नाहीस तर पुन्हा लावतो. म्हणून म्हणतो, शनिवारच्या त्या हॉर्नात अर्धा वाटा माझा होता. दारू पाजणाऱ्याला लोक नावे ठेवतात, तुझ्या आजोबांपासून आपण ती ऐकत आलो. फोन करणाऱ्याला कोणी ठेवत नाही.

आणि वाचायचे म्हणशील, तर मेसेज वाचायला तीन सेकंद लागतात ना? पन्नासच्या वेगात तीन सेकंदांत स्कूटर बेचाळीस मीटर जाते. काल दुकान बंद करून मी चालून पाहिले. आपल्या पायरीपासून छप्पन्न पावले, पिंपळाचा पार ओलांडून शेजाऱ्यांच्या फाटकाशी पोचलो. त्यांचा कुत्रा भुंकायला लागला म्हणून परतलो. एवढा रस्ता डोळे मिटून चालून दाखव, मी तुला नवी स्कूटर घेऊन देतो. नको, दाखवू नकोस. तू करशील.

तर असे ठरवले आहे. निघण्याआधी एक मेसेज टाक आणि फोन डिकीत घाल, पर्समध्ये नव्हे, डिकीत. पर्समध्ये वाजला की हात जातो. म्हार्दोळला तू आईसाठी जायांची माळ घ्यायला थांबतेसच, तिथून वाटल्यास फोन कर. नाही केलास तरी चालेल. ऑफिसवाल्यांनी शनिवारी संध्याकाळी फोन केला तर तो म्हार्दोळलाच बघायचा, त्यांचे काहीही अडत नाही. अडले तर माझा नंबर दे.

आमच्या बाजूने: आईला सांगितले आहे की तुला उशीर झाला तर माझ्याशी भांडायचे, तुला फोन लावायचा नाही. ती तयार झाली, पण तिचा भरवसा नाही, आणि खरे सांगायचे तर माझाही नाही. साडेसहा वाजले की माझे बोट आपोआप तुझ्या नावावर जाते. म्हणून शनिवारी सहा वाजता माझा फोन आणि तिचा फोन दोन्ही गल्ल्यात बंद. गल्ल्याची किल्ली फळीवर, पहिल्या खिळ्याला. मास्तरांना राखण ठेवले आहे, तू दारात दिसल्याशिवाय ते कोणाला हात लावू देणार नाहीत.

श्रावण आहे, मासळी नाही. आई खतखते करणार आहे, तिरफळे आताच आणून ठेवली आहेत. साखर आणू नकोस.

तुझा
बाबा