नातीचा कापलेला गुण

मा. संपादक यांस,

माझ्या नातीने विज्ञानाच्या पेपरात ‘काही प्लास्टिकमधून वीज वाहते’ असे लिहिले आणि तिचा गुण कापला गेला. ते तिला मीच सांगितले होते, म्हणून हे पत्र.

रावपुऱ्यात मी २३ वर्षे कॉम्प्युटर दुरुस्त करतो. जुन्या मदरबोर्डवर डोके फुगलेले, तपकिरी चिकट पाणी गळणारे कॅपॅसिटर (थोडी वीज साठवणारे छोटे डबे) रोज बदलायचो. बडोद्याच्या मे महिन्यात तर विचारूच नका. आता बहुतेक सपाट डोक्याचे, घन पॉलिमरचे येतात. आत द्रवाऐवजी वाहक प्लास्टिक असते, त्यामुळे सुकणे नाही, गळणे नाही.

१९७७ मध्ये शिराकावा, मॅकडायरमिड आणि हीगर या शास्त्रज्ञांनी पॉलिअ‍ॅसिटिलीन या प्लास्टिकला आयोडीनची वाफ दिली, तेव्हा त्याची वाहकता कोटीपट वाढली. आयोडीन प्लास्टिकच्या रेणूच्या लांब साखळीतले काही इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि उरलेल्यांना सरकायला जागा होते. २००० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना याच कामासाठी मिळाले.

‘प्लास्टिक दुर्वाहक’ हे वायरच्या आवरणाबाबत खरेच आहे, मुलांनी ते पाठ करावेच. पण शिक्षकांनी पुढे एक ओळ जोडावी. कुठल्याही शाळेने बोलावले तर दोन्ही कॅपॅसिटर खिशात घालून मी येईन.

– एक दुरुस्ती कारागीर, रावपुरा, बडोदे