स्कीइंग : उतार वाढवून कौशल्य वाढत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हिवाळा लागला की पर्यटन पुरवण्यांत गुलमर्ग, औली, सोलंगच्या सहलींची माहिती येऊ लागते. ती वाचून संभाजीनगर, जालना, नांदेड, लातूरकडची हौशी मंडळी स्कीइंगचा प्राथमिक कोर्स करूनही येतात. अडचण पुढच्या हिवाळ्यात सुरू होते. कोर्स झालेला माणूस थेट वरच्या लिफ्टने चढतो, तीव्र उतारावर स्नोप्लाऊ करत कसाबसा खाली येतो आणि त्यालाच प्रगती समजतो. या मधल्या टप्प्याबद्दल मराठीत फारसे छापून येत नाही, म्हणून हे पत्र.

स्नोप्लाऊमध्ये स्कीची टोके जवळ आणि मागची बाजू फाकलेली असते. दोन्ही आतल्या कडा बर्फ खरवडतात आणि वेग मरतो. सौम्य उतारावर हे ठीक आहे. कन्नडच्या घाटात गाडी सतत ब्रेकवर उतरवली तर जे ब्रेकचे होते, तेच तीव्र उतारावर मांड्यांचे होते. पॅरलल टर्नमध्ये, म्हणजे दोन्ही स्की समांतर ठेवून घेतलेल्या वळणात, वेग ताब्यात राहतो तो वळणाच्या आकाराने: स्की उताराला आडव्या होईपर्यंत, वेग जास्त वाटला तर किंचित चढाकडे वळेपर्यंत, वळण पूर्ण करायचे. बहुतेक जण वळण अर्धेच सोडून पुढच्याची घाई करतात. मग प्रत्येक वळणाला आधीच्याचा शिल्लक वेग जोडला जातो आणि चौथ्या-पाचव्या वळणाला माणूस पुन्हा स्नोप्लाऊवर येतो.

दुसरा मुद्दा बाहेरच्या स्कीचा. डावीकडे वळताना उजवी स्की बाहेरची. शरीराचा बहुतांश भार तिच्यावर हवा. भीतीपोटी माणूस डोंगराकडे कलतो, भार आतल्या स्कीवर जातो आणि बाहेरची स्की कडेची पकड सोडून घसरते. तपासायची पद्धत सोपी आहे. सौम्य उतारावर आडवे जाताना वरच्या बाजूच्या स्कीची फक्त शेपटी (मागची बाजू) दोन-चार सेंटीमीटर उचलावी, पुढचे टोक बर्फावरच ठेवावे. टोक उचलले गेले तर भार टाचांवर आहे. शेपटी उचलताच तोल गेला तर भार खालच्या स्कीवर आलेलाच नाही. आडवे जाताना हे जमले की तेच वळणात करावे: वळणाच्या उत्तरार्धात आतल्या स्कीची शेपटी हलकी ठेवायची.

वळण सुरू करताना वरची स्की बाहेर ढकलली जाते आणि क्षणभर पुन्हा ‘व्ही’ होतो, ही सर्वांत चिवट खोड. कारण असे की खालच्या स्कीची कड बर्फात रुतलेली असते आणि ती सोडायची भीती वाटते. यावर औषध साइड स्लिपिंग. स्की उताराला आडव्या ठेवून घोटे हळूच उताराकडे झुकवावेत, कडा सुटतात, सरळ खाली घसरावे. घोटे डोंगराकडे आणले की थांबता येते. टोके खाली जाऊ लागली तर भार पुढे जास्त, शेपट्या गेल्या तर मागे जास्त. दोन्ही बाजूंनी हे सरळ रेषेत जमेपर्यंत पॅरलल टर्नच्या मागे लागू नये. हा सराव दिसायला कंटाळवाणा आहे, फोटोही चांगले येत नाहीत; पण अर्धा दिवस दिला तर उरलेला आठवडा सोपा जातो.

मागे बसणे हा तिसरा रोग. नडगी बुटाच्या जिभेला सतत टेकलेली हवी. ती सुटली की स्कीची टोके हलकी होतात, वळत नाहीत आणि मांड्या पेटतात. गुडघे कितीही वाकवले तरी घोटा वाकला नाही, तर माणूस खुर्चीत बसल्यासारखाच राहतो. हात पुढे, नजरेच्या कक्षेत असावेत. वळताना पोल, म्हणजे हातातली काठी, टेकवायचा तो मनगटाने, स्कीचे टोक आणि बूट यांच्या मधोमध, नव्या वळणाच्या आतल्या बाजूला. अख्खा हात फिरवला तर खांदा फिरतो आणि त्यामागे शरीर. पोलची लांबी पाहायला तो उलटा धरून मूठ टोकाजवळच्या तबकडीखाली ठेवावी. कोपर काटकोनात आले की लांबी बरोबर.

आता सामान. भाड्याच्या दुकानात बहुतेक नवशिके सैल बूट निवडतात, कारण ते पहिल्या मिनिटाला आरामदायक वाटतात. बुटाचा नंबर म्हणजे पावलाची सेंटीमीटरमधली लांबी, तेव्हा घरीच भिंतीला टाच लावून पाऊल मोजून जावे. आतले अस्तर काढून नुसत्या कवचात पाय घालावा; बोटे पुढे टेकल्यावर टाचेमागे दीड ते दोन सेंटीमीटर जागा असावी, त्याहून जास्त असेल तर तो बूट नको. २६ आणि २६.५ चे कवच बहुधा एकच असते, म्हणून अर्ध्या नंबराने फसू नये. मोज्यांची एकच पातळ जोडी घालावी. दोन जाड मोजे घातले तर पाय उबदार राहतो हा समज चुकीचा. रक्तपुरवठा दाबला जाऊन बोटे उलट लवकर गारठतात. थर्मलची लांब पँट बुटात कोंबू नये, तिची चुणी दुपारपर्यंत नडगी सोलून काढते. बक्कल लावण्याआधी टाच जमिनीवर आपटून मागे बसवावी. नीट उभे असताना बोटे पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे पुढे वाकवले की मागे सरकावीत, आणि टाच उचलली जाऊ नये.

गुलमर्गला दुकानदार कौतुकाने ताज्या भुसभुशीत बर्फासाठीच्या रुंद पावडर स्की देतात. सराव दाबलेल्या बर्फावर करायचा असेल तर मधल्या भागात ७० ते ८५ मिलिमीटर रुंदीची स्की मागावी. १०० च्या पुढची एका कडेवरून दुसरीवर यायला संथ असते. कडेवर नखाची पाठ आडवी ओढून पाहावी. नखाचा बारीक भुसा निघाला तर कड धारदार, नाहीतर सकाळच्या कडक बर्फावर ती घसरणारच, आणि दोष माणूस स्वतःच्या तंत्राला देत बसतो. बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारी आणि पडल्यावर सोडणारी पकड) लावताना वजन, उंची, वय आणि पातळी खरी सांगावी. मोठेपणासाठी ‘एक्स्पर्ट’ म्हटले की पकडीचा आकडा वाढवला जातो, पडल्यावर बूट सुटत नाही आणि गुडघ्याचा अस्थिबंध जातो. तळव्याखालचा बर्फ खरवडल्याशिवाय बूट अडकवू नये, त्यानेही सुटण्यात फरक पडतो.

तयारी इथेच करता येते. स्कीइंगमध्ये स्नायू ताणत-ताणत भार झेलतो, म्हणून चढण्यापेक्षा उतरण्याचा सराव जास्त कामाचा. देवगिरीच्या पायऱ्या सावकाश उतराव्यात. घरी २० सेंटीमीटरच्या पायरीवर एका पायावर उभे राहून दुसरी टाच तीन-चार सेकंदांत खाली टेकवावी. प्रत्येक पायाने ८ ते १० वेळा, तीन फेऱ्या, आठवड्यातून तीनदा. गुडघा आत वळू द्यायचा नाही. सहा आठवडे आधी सुरुवात करावी. नांदेड समुद्रसपाटीपासून चारशे मीटरच्याही खाली आहे आणि गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर. पहिला दिवस हलका ठेवला नाही तर डोकेदुखीत दोन दिवस जातात.

गुलमर्गच्या गोंडोलाचा (केबल कारचा) दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या अंगाला ३,९०० मीटरच्या वर नेतो. वरची बहुतेक उतरण दाबलेली नसते आणि ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर हिमस्खलनाचा धोका असतो. ट्रान्सीव्हर (गाडला गेलेला माणूस शोधण्याचे संदेशयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब सळई), फावडे आणि ते वापरता येणारा सोबती नसेल तर पहिला टप्पा संपतो त्या कोंगडूरीच्या खालीच राहावे. स्नोप्लाऊवर अवलंबून असलेल्याला वर काहीच शिकायला मिळत नाही.

विनंती एवढीच की पुरवणीत सहलीची माहिती देताना आयोजकांना काही प्रश्न विचारून त्यांची उत्तरेही छापावीत: एका प्रशिक्षकामागे किती विद्यार्थी, प्राथमिक कोर्स झालेल्यांची वेगळी तुकडी आहे का, स्कीच्या कडांना शेवटची धार कधी लावली, आणि विम्यात स्कीइंग धरले आहे का. अनेक प्रवास विम्यांतून साहसी खेळ वगळलेले असतात आणि ते पावतीवर लिहिलेले नसते.

आपला,
एक स्कीइंगप्रेमी वाचक, छत्रपती संभाजीनगर